घरातला 'टिंग' घरातच राहू दे

मंडळी, हौशी रेडिओ म्हणजे नुसता माइकवर बोलायचा छंद राहिलेला नाही. संगणक सूर तयार करतो आणि रेडिओ ते हवेत सोडतो. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांची २०१७ सालची एफटी८ पद्धत यातलीच. टेलर हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते!

आता गंमत पाहा. रेडिओची यूएसबी केबल जोडली की विंडोज रेडिओलाही स्पीकरच समजते, आणि पुष्कळदा त्यालाच मुख्य स्पीकर करून टाकते. मग ईमेल आला की 'टिंग' थेट आकाशात. व्हॉक्स चालू असेल तर हा 'टिंग' स्वतःच ट्रान्समीटर सुरू करतो.

जाणकार सांगतात, विंडोजचे सगळे आवाज बंद करा. माझ्या मते हे अर्धेच औषध. ब्राउझरमधला व्हिडिओ तरीही वाजणारच. खरा इलाज वाटा वेगळ्या करण्याचा. डीफॉल्टला संगणकाचा स्वतःचा स्पीकर ठेवावा, रेडिओचे साउंड कार्ड फक्त रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडावे आणि व्हॉक्स बंद करून ट्रान्समीटर सॉफ्टवेअरच्या आज्ञेनेच चालू द्यावा. मोठा अपडेट झाला की हे सारे पुन्हा तपासावे.

एवढा खटाटोप कशाला? ७.०७४ मेगाहर्ट्‌झवर जेमतेम तीन किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात कितीतरी जण पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने बोलत असतात. त्यात कुणी पाच वॅटवर दूरच्या देशाला हाक मारत असतो. वर्गात एखादे बुजरे मूल हळू आवाजात उत्तर देत असेल, तर बाकीच्यांनी गप्प बसायचे असते. हवेतही शिस्त तीच.