पंप चालू आहे म्हणजे बोट ठीक आहे, असं नसतं

मंडळी, पावसाळा सरत आलाय. गेटवे-मांडवा वाहतूक सुरू व्हायची वेळ जवळ आली, त्यामुळे वर ओढलेल्या बोटींना रंग देणं जोरात आहे. रंग सगळ्यांना दिसतो. बोटीच्या मागे पाण्याखाली बसणारं रबर कुणाला दिसत नाही, म्हणून ही पोस्ट.

काही स्पीडबोटी स्टर्नड्राइव्हच्या असतात. म्हणजे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा पाय बाहेर. मधल्या भिंतीला पाण्याच्या पातळीखाली भलंमोठं भोक असतं, आणि समुद्र बाहेर ठेवतं ते घड्या-घड्यांचं एक रबरी नळकांडं. मेकॅनिक त्याला बेलो म्हणतात. पावसाळाभर पाय वर उचलून ठेवला की हे रबर एका बाजूनं ताणतं, दुसऱ्या बाजूनं दबतं. वर कालवं धरली तर त्यांची धार वेगळीच. चिरा घडीच्या आत पडतात. पाय उचलून, दोन्हीकडे वळवून, बॅटरी मारून बघितल्याशिवाय कळत नाहीत.

गळती शोधायला फार मोठं यंत्र लागत नाही हो. बोटीचा तळ कोरडा करायचा, पंप बंद करायचा आणि इंजिन न लावता बोट तासभर पाण्यात उभी करायची. पाणी आलं तर बेलो, गिअरच्या केबलचं छोटं रबर किंवा भिंतीवरचं पॅकिंग बघा. उभ्या बोटीत कोरडं, पण इंजिन चालल्यावर पाणी, तर थंड करणाऱ्या पाण्याचे पाइप आणि पंप तपासा. वळताना मागून घरघर येत असेल तर पाणी बेअरिंगपर्यंत पोचलंय, असंच धरून चाला. आणि गिअरचं ऑइल दुधाळ झालं असेल तर पायाच्या सीलमधून पाणी शिरतंय. तिथं नुसतं ऑइल बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणं. हवेचा दाब देऊन सील तपासायला हवेत.

माझा राग आहे तो ऑटोमॅटिक पंपावर. पंप पाणी फेकत राहतो, तांडेल निवांत, मालक निवांत. बॅटरी बसली की त्याच गळतीनं बोट जेटीलाच बुडते. आणि भर समुद्रात बसली तर?

14 मार्च 2020 ला मांडव्याजवळ बोटीत पाणी शिरलं, 88 जणांना पोलिसांच्या बोटीनं वाचवलं. ते कारण वेगळं होतं, बेलोचं नव्हतं. पण पाणी आत आल्यावर हाताशी किती वेळ उरतो, हे तेव्हा आपण पाहिलंय.

मालक म्हणतात, रबर स्वस्त, पण पाय उतरवायची मजुरी परवडत नाही. धंदा तीन महिने बंद होता, हे मलाही कळतं. तरीही माझी मागणी साधी आहे: बेलो शेवटचा कधी बदलला ती तारीख तिकीट खिडकीवर लावा. दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर बोट पाण्यात सोडू नका.

आपल्यापैकी कुणी बोटमालक असतील तर कॉमेंटमध्ये तारीख टाका. फोटोसकट.