देवगिरी ज्वालामुखी नव्हता

परवा पुतण्या, सूनबाई आणि त्यांची मुलगी पुण्याहून आले होते. रविवारी सगळे दौलताबादला गेलो. किल्ला चढणं आता माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी चांदमिनारापाशी सावलीत बसून राहिले. परत येताना गाडीत ती पोर म्हणाली, "आजी, हा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी आहे ना? बाबांनी सांगितलं." मी पुतण्याकडे पाहिलं. तो हसत म्हणाला, "आत्या, तूच शिकवलं होतंस की आम्हाला सातवीत!"

खरं आहे, शिकवलं होतं. बी.ए.ला माझे विषय मराठी आणि इतिहास, पण शाळेत भूगोलाचे तास माझ्याच गळ्यात पडायचे. आपलं पठार लाव्हारसाचं बनलंय एवढं ठाऊक होतं. मग मी फळ्यावर शंकूसारखा डोंगर काढायची, टोकाला धूर, बाजूने ओघळ, आणि वर म्हणायची, आपल्या दौलताबादचा डोंगर बघा, अगदी असाच! मुलं खूश, मी खूश. निवृत्तीनंतर सवडीने वाचलं तेव्हा कळलं की मी वर्षानुवर्षं चुकीचं सांगत आले.

आपल्याकडे लाव्हा एखाद्या डोंगराच्या तोंडातून आला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पुराच्या पाण्यासारखा पसरला. थिजला. मध्ये काही काळ शांतता, तेवढ्यात वरच्या भागाची माती झाली, की पुन्हा नवा लोट. असे थरावर थर, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि त्यातला बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आसपास उरकला. आज जे शिल्लक आहे तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. 'डेक्कन ट्रॅप' हे नाव पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलं. आपले डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. देवगिरी म्हणजे पाण्यापावसाने आजूबाजूचं झिजवून नेल्यावर उरलेला तुकडा. खालचा उभा कडा तर माणसांनी तासलाय, तो भाग वेगळाच!

वरवर सगळा काळा फत्तर सारखाच दिसतो. पण १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या घाटांत खालपासून वरपर्यंत दगडाचे नमुने घेतले, त्यांत स्ट्रॉन्शियम, बेरियम, टायटॅनियम वगैरे किती ते मोजलं, आणि थरांचे गट वेगवेगळे निघाले. आमटीच्या चवीवरून ती कुणाच्या घरची ते ओळखावं, तसं. बुशे गटाचा लाव्हा वर येताना वाटेतल्या जुन्या खडकांत बराच मिसळला होता, आंबेनळीचा फारसा मिसळला नाही, हे म्हणे या मोजणीवरून कळतं. आणि या गटांची नावं काय, तर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर! जगभरचे भूशास्त्रज्ञ ही नावं घेतात आणि आपल्या मुलांना त्यांतलं एकही या अर्थाने माहीत नाही. (डायनोसॉर आपल्या लाव्हाने मेले की मेक्सिकोत आदळलेल्या उल्केने, यावरही वाद आहे. सध्या उल्केचं पारडं जड आहे. असो.)

कुणी म्हणेल, बाई, या वयात हे दगडधोंडे कशाला? तर आमच्या कॉलनीची गोष्ट सांगते. पहिली बोअर आटली. दुसरी आणखी खोल मारली, तिला थोडे दिवस पाणी होतं. मग बैठकीत सगळ्यांचं एकच म्हणणं, अजून खाली गेलं की पाणी लागणारच. तिसरी सहाशे फुटांपर्यंत नेली. रात्रभर मशीन धडधडत होतं आणि पांढुरकी भुकटी उडत होती. पाणी नाहीच. वर्गणी मीही दिली, आणि थोडंफार वाचलेलं असूनही गप्प बसले, याची टोचणी आहे.

आपल्या खडकात पाणी असतं ते वरच्या मुरमात, प्रत्येक थराच्या माथ्याशी असलेल्या सच्छिद्र भागात (विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात) आणि भेगांमध्ये. थराच्या पोटातला घट्ट काळा पाषाण, त्याला भेगा नसतील तर कोरडाच. म्हणजे पाणी मिळणं थरावर आणि भेगांवर ठरतं, नुसत्या खोलीवर नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात याच शहराला नहरीने पाणी आणलं, ते डोंगरपायथ्याचं, वरच्यावर झिरपणारं. आम्ही मात्र पावसाचं पाणी मुरवायचं सोडून पाताळ शोधत बसतो.

म्हणून माझं म्हणणं असं की वेरूळला शाळेची सहल गेली की अर्धा तास दगडासाठी ठेवावा. कैलास लेणं वरून खाली कोरलं हे गाईड सांगतोच. पण शंभर फुटांवर उंच कातळ एवढा कोरण्याजोगा सापडला कसा, हे मुलांना विचारायला लावा. शेजारच्या ओढ्यात थर दाखवा. अजिंठ्याच्या पायथ्याशी मुलं पांढरे, हिरवट स्फटिक हट्टाने विकत घेतात. ते याच लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत तयार झाले, हेही त्यांना कुणी सांगत नाही.

घरी आल्यावर त्या पोरीला मी वहीत नवी आकृती काढून दिली. पोळ्यांच्या चवडीसारखी, कडा कुरतडलेल्या. पुतण्या म्हणाला, "आत्या, पण आमच्या वर्गात पन्नास-साठ जण होते." त्यांतलं कुणी हा ब्लॉग वाचत असेल, तर बाळांनो, फळ्यावरची ती धुराची आकृती खोडा. चूक बाईंची होती.