सिलिंडर उघडून बघण्याचे पैसे घ्या



महाड एमआयडीसीच्या आसपास हायड्रॉलिक रिपेअरचं दुकान टाकायचं म्हणणारी पोरं बहुतेक एकच विचारतात, 'सर, सील किटमध्ये मार्जिन किती सुटतं?' मला विचाराल तर प्रश्नच चुकतोय. सील किट आज कोणीही कुरिअरने मागवतो. ट्रॅक्टर लोडरवाला तुमच्या दारात येतो तो एका उत्तरासाठी: हा सिलिंडर दुरुस्त करू की नवा टाकू? त्या उत्तराचे वेगळे पैसे घ्या. फुकट तपासणी बंद करा.

लगेच म्हणाल, आपल्याकडे बघायचे पैसे कोण देतो? थोडं थांबा.

हे लोडर काय काम करतात ते आठवा. कंपनीत बॉयलरची राख आणि कोळसा, बाहेर मुरूम-खडी, पावसाळ्यात पोलादपूरकडच्या घाटात उतरलेली माती. मशीन बहुधा हप्त्यावर घेतलेलं. मशीन थांबलं म्हणून हप्ता थांबत नाही. असा माणूस घाईत येतो आणि 'सील बदलून दे' म्हणतो. तुम्ही बदलून देता. आठ-पंधरा दिवस कोरडं राहतं, मग ग्लँडमधून परत तेल. दोष तुमच्या सीलला.

सील गळतंय, पण ते कापलं कशाने? बहुतेक वेळा रॉडने. रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, साधारण वीस-तीस मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. त्याला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात केमिकलच्या कामावर क्लोराईडचा संपर्क आला की ओल त्या चिरांतून खालच्या लोखंडापर्यंत जाते. मग क्रोमला खड्डे पडतात. प्रत्येक फेरीला तो खड्डा सीलची कड खरवडतो. रॉड पुसून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडकलं तर नुसती सील किट विकणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे पाण्यात.

माझा नियम असा. रॉडला खड्डे आहेत पण बॅरल आतून चांगला आहे, तर रॉड बदला. क्रोम केलेला बार बाजारात लांबीवर मिळतो, लेथवाला चांगला असेल तर काम होतं. बॅरलला हलके ओरखडे असतील तर होनिंग. मात्र होनिंगनंतर आतला व्यास मोजूनच सील निवडा. बॅरलला खोल चर आणि रॉडही गेलेला, तर नवा सिलिंडर. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून द्या म्हणणारे खूप भेटतील. मी लोडरसाठी तो करून देत नाही. सरळ करताना क्रोम तडकतो आणि एकदा वाकलेला रॉड लोडखाली परत वाकायला बसलेलाच असतो. हिशेब करून बघा: ६० मिलिमीटर बोअरचा सिलिंडर १५० बार प्रेशरला सव्वाचार टनांच्या वर ढकलतो. एवढा जोर वाकड्या रॉडवर नको.

आणि रॉड वाकला कसा, हे ऑपरेटरला विचारा. बकेट पूर्ण ओतलेल्या स्थितीत टेकवून मशीन मागे घेत माती ओढायची सवय असेल, तर बकेटचे रॉड पूर्ण बाहेर असतात आणि सगळा धक्का त्यांच्यावर येतो. ती सवय सुटली नाही तर नवा सिलिंडरही वाकेल. हे सांगणं तपासणीतच येतं, किटच्या बॉक्सवर ते छापलेलं नसतं.

आता फुकट तपासणीचं. तपासायचे पैसे मिळत नसतील, तर काहीतरी बदललं तरच तुमचं पोट भरणार. मग प्रत्येक सिलिंडर खराबच दिसायला लागतो. यात तुमची दानत वाईट आहे असं नाही, धंद्याची मांडणीच तशी होते. बूम आपोआप खाली बसतो म्हणून आलेलं मशीन घ्या. दोष सिलिंडरचाच असेल असं नाही, कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल झिजलेला असू शकतो. बूम पूर्ण खाली, रॉड पूर्ण आत घ्या. इंजिन बंद करून लिव्हर हलवा, प्रेशर उतरवा. बॅरलच्या बुडाकडचा होज काढून होजला बूच मारा, मग रॉडच्या बाजूने प्रेशर द्या. उघड्या पोर्टमधून तेल येतच राहिलं तर पिस्टनचं सील गेलं. थांबलं तर सिलिंडर उघडायची गरज नाही, व्हॉल्व्हकडे बघा. अर्ध्या तासाचं काम. यात तुम्ही गिऱ्हाईकाचा एक अख्खा खर्च वाचवलात आणि तुमचं बिल शून्य? मला हे पटत नाही.

काही जण म्हणतात, तपासणीचे पैसे पुढच्या कामात वळते करू. मला तेही मान्य नाही. वळते केले की परत काम काढण्यातच तुमचा फायदा. रक्कम छोटी ठेवा, पण वेगळी ठेवा, आणि बदल्यात एक कागद द्या: रॉड, बॅरल, पिस्टन, बुश यांची मापं, दुरुस्तीचा आकडा, नव्याचा आकडा, आणि दोन्हींना लागणारे दिवस.

दिवस मुद्दाम लिहा. समजा लोडरचं भाडं दिवसाला ४,००० रुपये आहे. रॉड पुन्हा क्रोम करायला भोसरीला पाठवला आणि चार दिवस गेले, तर १६,००० बुडाले. पावसाळ्यात वरंध घाट बंद असला की ताम्हिणीने फिरून जावं लागतं, अजून एक दिवस. अशा वेळी महाग दिसणारा नवा सिलिंडर स्वस्त पडू शकतो. उन्हाळ्यात काम कमी असेल तर उलटं.

नवा मागवताना बोअर, रॉडचा व्यास आणि स्ट्रोक तर घ्याच, पण बंद स्थितीत पिन ते पिन लांबी, पिनचं माप आणि पोर्टचे आटे विसरू नका. बूमचे दोन सिलिंडर जोडीने चालतात. एका बाजूला वेगळा बोअर टाकलात तर आर्म पिळतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरासारख्या पाण्यात मशीन बुडालं असेल तर टाकीतलं तेल आधी बघा. दुधाळ असेल तर सील बदलण्यात अर्थ नाही. तेल, फिल्टर आणि पूर्ण लाईन साफ केल्याशिवाय हात लावू नका.

आणि पोरांनो, गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. या प्रेशरचं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट जाऊ शकतं. असं झालं तर घरी न थांबता थेट हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरला 'हायड्रॉलिक तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. अडकलेला पिस्टन कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचा नाही. उचललेल्या बूमखाली टेकू लावल्याशिवाय जायचं नाही, मालक कितीही घाई करो.

दुकान टाकायचं ठरवलं असेल तर लेथ नंतर घ्या. आधी बोअर गेज, मायक्रोमीटर, डायल आणि दोन व्ही-ब्लॉक घ्या. मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, ओळखीच्या दहा लोडरवाल्यांना तपासणीचा दर सांगून ठेवा. उभं मशीन रॉड पूर्ण आत घेऊन ठेवायला त्यांना त्याच वेळी सांगा. त्याचे पैसे घेऊ नका.