मौन हे कारण नव्हे

दर वर्षी जानेवारीत श्रीसिद्धेश्वर यात्रेनिमित्त सोलापुरात जनावरांचा बाजार भरतो, तेव्हा देखण्या खिलार जोड्या पाहण्यास गावोगावचे शेतकरी लोटतात. सांगोला-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू मुलखात गोवंश हाच शेतीचा कणा होता. त्या गोवंशाच्या रक्षणाचे एक विधेयक एकोणीस वर्षे दिल्लीत पडून राहिले. त्याचा इतिहास आजही विचार करावयास लावणारा आहे.

१९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाने गाईला अभय दिले. बैल आणि वळू मात्र ‘कत्तलीस योग्य’ असा दाखला मिळताच कसायाच्या हाती जात. ही पळवाट बुजविणारे दुरुस्ती विधेयक शिवसेना-भाजप युतीच्या राजवटीत १९९५ साली विधिमंडळाने संमत केले. जानेवारी १९९६ मध्ये ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीस गेले. संमती मिळाली फेब्रुवारी २०१५ मध्ये! तोवर राष्ट्रपतिपदावर पाच व्यक्ती येऊन गेल्या. केंद्रात काँग्रेसची सरकारे आली, तशी १९९८ ते २००४ या काळात राष्ट्रीय लोकशाही आघाडीचीही सत्ता होती. तेव्हा सारा दोष एकाच पक्षाच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही.

संमती नाकारण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, याविषयी वाद नाही. धनविधेयक वगळता अन्य विधेयक राज्यपाल संदेशासह फेरविचारार्थ परत पाठवू शकतात, असे अनुच्छेद २०० सांगते. राखून ठेवलेले विधेयक राष्ट्रपतीही अनुच्छेद २०१ नुसार संदेशासह परत पाठवू शकतात. मग सहा महिन्यांत विधिमंडळाने त्याचा पुन्हा विचार करावयाचा असतो. अमेरिकेतील घटकराज्यांचे गव्हर्नरही विधेयक नाकारताना आपले आक्षेप लेखी कळवितात आणि विधिमंडळ त्यांना उत्तर देऊ शकते. ‘संदेश’ या शब्दाचे मोल येथे आहे. नकारामागे कारण असेल, तर संवाद होतो. कारणच नसेल, तर उरते केवळ टाळाटाळ.

या विधेयकाबाबत आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते काय? होते. निरुपयोगी बैलांच्या कत्तलीवरील सरसकट बंदी ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये म्हटले होते. तो अडसर २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातचा कायदा वैध ठरवून दूर केला. दुसरा प्रश्न व्यवहाराचा होता. काम थांबलेल्या बैलाचा चारा कोणी पुरवावयाचा? दुष्काळात दावणीची जनावरे चारा छावणीत नेऊन बांधणाऱ्या सोलापूरच्या शेतकऱ्याला या प्रश्नाचे गांभीर्य कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

हेच आक्षेप लेखी नोंदवून विधेयक परत आले असते, तर विधिमंडळाला गोशाळा, चारा आणि अनुदान यांची तरतूद कायद्याबरोबरच करता आली असती. तसे घडले नाही. कायदा २०१५ मध्ये आला. गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन पन्नास रुपये अनुदानाचा निर्णय मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये झाला. या मौनाचा भुर्दंड गोरक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांना बसला, तसाच त्याविषयी प्रामाणिक शंका असणाऱ्यांनाही बसला.

राज्यपाल व राष्ट्रपती यांना न्यायालय कालमर्यादा घालून देऊ शकत नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी दिले. परंतु राज्यपालांना विधेयक परत न पाठविता नुसते अडवून ठेवता येणार नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केले. न्यायालयाने घटनात्मक पदांची प्रतिष्ठा राखली आहे. आता त्या पदांनी विधिमंडळाची प्रतिष्ठा राखावी. राज्य कोणत्याही पक्षाचे असो, राज्यपालपदी कोणीही असो, निकष एकच हवा. आपल्याला प्रिय असलेल्या विधेयकासाठी जो न्याय मागावयाचा, तोच अप्रिय विधेयकालाही द्यावयाचा. संमती द्यावी अथवा नाकारावी. नाकारताना मात्र कारण सांगावे. लोकशाहीत लोकप्रतिनिधींना एवढे उत्तर मिळालेच पाहिजे.