वादळदेवाचा गुन्हा

‘ओर्लान्थ म्हणजे दुसरा कोण? थॉरच की! नाहीतर आपला इंद्र.’ ग्लोरान्थाचा विषय निघाला की पुराणकथांचा थोडाफार अभ्यास असलेले कोणीतरी हे वाक्य टाकते आणि प्रश्न निकालात काढल्याच्या समाधानाने मागे रेलते. या समाधानाविषयीच माझी तक्रार आहे.

ग्रेग स्टॅफर्ड या अमेरिकन लेखकाने १९६६ साली, महाविद्यालयात शिकत असताना, ग्लोरान्थाची कल्पना लिहून काढायला सुरुवात केली. १९७५ मध्ये हे जग एका पटावरच्या खेळातून लोकांपुढे आले. १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ या रोल-प्लेइंग गेमने त्याला स्थिर वाचक (खेळाडू म्हणा हवे तर) मिळवून दिले. २०१८ मध्ये स्टॅफर्ड गेला, पण त्या जगातील देवांबद्दलचे वाद थांबलेले नाहीत.

साम्यशोधकांची गंमत अशी की त्यांच्यावरची टीका या जगातच लिहून ठेवलेली आहे. ग्लोरान्थाच्या इतिहासात ‘गॉड लर्नर्स’ नावाचे पंडित होऊन गेले. सर्व लोकांच्या दैवतकथा गोळा करून, त्यांतले सारखे ते निवडून, त्यांनी एक ‘मोनोमिथ’ रचले. हा शब्द जोसेफ कॅम्पबेलच्या १९४९ च्या ग्रंथामुळे आपल्यालाही परिचयाचा आहे. मग त्यांना वाटले, धान्यदेवता इथूनतिथून एकच; म्हणून त्यांनी दोन प्रांतांच्या देवतांची अदलाबदल करून पाहिली. पिके गेली. पुढे त्यांच्या साम्राज्याचा बराच भाग समुद्राने गिळला. आदिबंध शोधून काढला की कृती समजली, असे मानणाऱ्या समीक्षेवर इतका जहाल अभिप्राय मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

परंतु याच्या उलट टोकाला जाणारेही मला मान्य नाहीत. ‘ज्याचे त्याचे पुराण ज्याच्या त्याच्यापुरते खरे’ असे म्हणून ते मोकळे होतात. हे औदार्य दिसते. वस्तुतः तो आळस आहे. सूर्यसम्राट येल्म याला वादळदेव ओर्लान्थाने मारले, ही घटना दोन्ही पक्षांना मान्य आहे. भांडण आहे ते न्यायाचे. दारा हप्पाच्या सूर्यपूजकांच्या लेखी हा राजद्रोह. ओर्लान्थी टोळ्यांच्या लेखी जुलमी सत्तेविरुद्धचे बंड. दोघेही बरोबर, असे म्हटले की खून झाला की वध, हा प्रश्नच पुसला जातो.

आणि इथे मला एक बाजू श्रेष्ठ वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. ओर्लान्थ्यांची सर्वांत पवित्र कथा विजयाची नाही. सूर्य मेल्यावर जग अंधारात आणि अनागोंदीत बुडाले, तेव्हा ओर्लान्थ सोबती घेऊन पश्चिमेच्या वाटेने पाताळात उतरतो. त्या सोबत्यांत शुश्रूषेची देवी आहे, विद्येचा देव आहे, एक लबाड आहे आणि एक साधा मर्त्य माणूसही आहे. ज्याला मारले त्याच्यासमोर उभे राहून ओर्लान्थ आपली चूक कबूल करतो. त्या समेटातून काळ सुरू होतो आणि सूर्य पुन्हा उगवतो. दारा हप्पाच्या ग्रंथाचे नावच मुळी येल्मच्या ‘वैभवशाली पुनरारोहणा’चे आहे, तिथे सगळे तेज सम्राटाचे. एक परंपरा आपल्या देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, दुसरी आपल्या देवाची फक्त आरती करते. या दोन परंपरांना समान गुण देणारा परीक्षक मला तरी निःपक्षपाती वाटत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बहुसंख्य खेळाडूंना टोळीवाल्यांच्या गोटातच बसवले जाते. साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र कुळाचे हे आकर्षण फार अमेरिकन आहे. खरे आहे. मात्र १९९९ च्या ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ या संगणक-खेळात काय घडते ते पाहा. तिथे कुळातल्या कोणाला देवाच्या वाटेवर पाठवायचे, तर खेळाडूला आधी ती कथा नीट वाचावी लागते. आपल्या मनाला पटेल ते करून भागत नाही. देवाने जे केले ते, आणि बरेचदा देवाला जे सोसावे लागले तेही, पत्करावे लागते. ‘ओर्लान्थ म्हणजे इंद्रच’ एवढ्या भांडवलावर जो आत शिरतो, तो पहिल्याच वळणावर जखमी होऊन परततो.