तुकड्या-तुकड्यांनी मिळालेले

आपल्या बैठकांत हा वाद नेहमीचा. एक म्हणतो, सरकार देईल तेवढे पदरात पाडून घ्या. दुसरा म्हणतो, असे तुकडे टाकूनच आम्हाला गप्प बसवले. आम्ही म्हणतो, तुकडा घ्या, पण तो परत घ्यायची दोरी कोणाच्या हातात राहिली तेवढे पाहा.

कुळकायदा एका दिवसात आला नाही. १९४८ चा कायदा, १९५६ ची दुरुस्ती, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. विदर्भाला १९५८ चा वेगळा. मधल्या काळात मालकांनी किती कुळांना उठवले, ते जुन्या माणसांना विचारा. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून चढले, त्याला कोणत्याही मंत्र्याच्या दारात उभे राहावे लागले नाही.

आता कर्जमाफी पाहा. १९९० ला दहा हजारांपर्यंत. २००८ ला दोन हेक्टरपर्यंत पूर्ण, त्यावर गुंठा जास्त असेल तर नुसती सूट, तीही उरलेली बाकी भरली तर! (कोरडवाहू सात एकरवाला हा यांच्या लेखी बडा शेतकरी.) २०१७ ला दीड लाख, २०१९ ला दोन लाख. माफी पुन्हापुन्हा लागते, कारण भावाला कोणी हात लावत नाही.

कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ ला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायला आली आणि आपलाच कापूस राज्याबाहेर नेण्याची आपल्याला बंदी झाली. तीस वर्षे भांडल्यावर २००२ मध्ये ते दार उघडले. हा तुकडा खरा. पण बंदराची किल्ली दिल्लीकडेच राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचा ११ टक्के आयातकर उठवला, तो डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपल्या वेचणीच्या दिवसांत.

हमीभावाचेही तेच. स्वामीनाथन आयोगाने २००६ ला खर्चावर ५० टक्के सांगितले. २०१८ ला सरकार म्हणाले, दिले! पण खर्च धरताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घातलेल्या भांडवलाचे व्याज वगळले. शब्द आपला, हिशेब त्यांचा.

म्हणून तालुका बैठकीला येताना कापूस आणि ज्वारीचा एकरी खर्च कागदावर मांडून आणा. खंड, व्याज आणि घरच्या बायांची मजुरी धरून.