आठवणीतली भाकर आणि ताटातली भाकर

गेल्या पावसाळ्यात आपल्या महाविद्यालयात रानभाज्यांचे आणि जुन्या पदार्थांचे प्रदर्शन भरले होते, ते आपणां सर्वांना आठवत असेलच. टेबलांवर पांढरी कापडे अंथरली होती. शेवळे, टाकळा, कुरडू, करटोली, बांबूचे कोंब असे सारे ताटल्यांत मांडून पुढे नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. एका टोकाला नागलीची भाकर, खुरासणीची चटणी आणि उडदाचे वरण विकत मिळत होते. दर तीस रुपये. पाहुण्यांनी भाषण केले. आजीच्या हातची चव आपण विसरत चाललो आहोत, असे ते कळवळून म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मात्र टाळ्या वाजवताना मला एक गोष्ट आठवत होती. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. प्रथम वर्षाला असताना वसतिगृहात जागा मिळेपर्यंत मी मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून एस. टी.ने ये-जा करीत होते. आई पहाटे उठून फडक्यात नागलीची भाकर बांधून देत असे. (नागली म्हणजे नाचणी, आमच्याकडे नागलीच म्हणतात.) एके दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलीने डोकावून विचारले, "ही अशी काळी का गं?" मुलगी वाईट नव्हती. तिने पूर्वी पाहिली नव्हती, म्हणून विचारले. पण वर्गातली दोनचार तोंडे वळली आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. दुसऱ्या दिवसापासून मी भाकर पिशवीतून बाहेर काढली नाही. संध्याकाळी थांब्याजवळ उभ्या असणाऱ्या गाईला ती घालायची आणि गाडीत बसायचे, असा माझा नेम झाला. घरी आई विचारी, "पुरली का?" मी म्हणे, "पुरली."

तीच भाकर प्रदर्शनात मांडली तर परंपरा, आणि माझ्या फडक्यात असली तर मागासलेपणा, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर मी वर्षभर शोधते आहे. ते पुरते सापडले आहे असे नाही. पण जेवढे कळले तेवढे मांडते.

सुटीत घरी गेले तेव्हा आजीला प्रदर्शनाची हकीकत सांगितली. तिचा पहिला प्रश्न होता, "तीस रुपयं? किती भाकरींचे?" एका भाकरीचे म्हटल्यावर ती बराच वेळ हसत राहिली. मग मी तिला भाषणातले ते वाक्य सांगितले आणि विचारले, "आजी, तुला आठवते का गं ते जुने जेवण?" तिचे हसणे थांबले. ती म्हणाली, "पोरी, त्याची कसली आठवण काढतेस? ती भूक व्हती."

वाचक मित्रहो, माझी सारी गोड कल्पना त्या एका उत्तराने खाली बसली.

आजीने मग जे सांगितले, ते प्रदर्शनातल्या कोणत्याही चिठ्ठीवर नव्हते. आश्विन-कार्तिकात नागली घरात येई आणि कणगी भरे. श्रावण उजाडेपर्यंत कणगीचा तळ दिसू लागे. बाहेर धो धो पाऊस, शेतात आवणीचे कंबर मोडणारे काम आणि घरात दाणा नाही, असे ते दोन महिने. तेव्हा रानातून कडूकांद खणून आणीत. कडूकांद तसाच खाल्ला तर बाधतो. म्हणून त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या, पुन्हा धुवायच्या आणि मग खायच्या. आज याला कुणी 'पारंपरिक ज्ञान' म्हणेल, आणि ते ज्ञान आहेच. पण ते भुकेने शिकवलेले ज्ञान आहे. पेज केली की तळाची दाट पेज पोरांना वाढायची आणि वरचे पाणी आपण प्यायचे, हेही आजीला त्याच शाळेत कळले. आमच्याकडे पावसाळ्यापुरते उसने घेतलेल्या धान्याला 'खावटी' म्हणतात. सरकारी योजनांनीसुद्धा हेच नाव घेतले; २०२० मध्ये जाहीर झालेले अनुदान 'खावटी अनुदान' म्हणूनच आले. ज्या भागात भुकेच्या महिन्यांसाठी स्वतंत्र शब्द आहे, तिथल्या जुन्या जेवणाविषयी बोलताना थोडे जपून बोलावे.

आणि आपल्याला फार मागे जायलाही नको. १९९२-९३ साली आपल्याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. माझे वडील तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. म्हणजे ज्या 'त्या काळच्या सकस आहारा'चे गुणगान आपण करतो, त्या काळी तो आहार सर्वांना, बारा महिने, पोटभर मिळत नव्हता. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी यांच्या घरी निदान वरकस जमिनीचा तुकडा तरी असे. कित्येक कातकरी घरांना तोही नव्हता. त्यांच्या आजीच्या आठवणीत नागलीची कणगी कुठून येणार?

दुसरी गोष्ट कष्टांची. नागली आधी उखळात सडायची, मग जात्यावर दळायची. आजी पहिल्या कोंबड्याला उठे ते दळून होईतो उजाडे. तिच्या उजव्या तळहातावर जात्याच्या खुंट्याने पडलेला घट्टा अजून हाताला लागतो. जात्यावरच्या पिठाची गोडी चक्कीच्या पिठाला नाही, असे आमच्या पाड्यावरचे म्हातारे पुरुष नेहमी म्हणतात. आजीला मी हेही सांगितले. ती म्हणाली, "दळायला त्यांना बसव."

जुने पदार्थ परत यावेत असे मलाही वाटते. जाते परत यावे असे मात्र मी कधीही म्हणणार नाही. ते परत आले तर त्याच्यापुढे कोण बसेल हे मला ठाऊक आहे. माझी पहाट दळणात गेली असती, तर जव्हारची पहिली गाडी मला कधीच मिळाली नसती.

मग नागली गेली ती बरेच झाले असे समजायचे काय? नाही. येथेच माझे आणि आजीचे थोडे मतभेद आहेत.

आजीच्या तरुणपणी भात हा सणाचा, पाहुण्याचा किंवा आजाऱ्याचा पदार्थ होता. आता २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आजी पांढरा भात ताटात घेते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तिने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते तिला मिळाले आहे. पण माझ्या धाकट्या भावाच्या ताटात सकाळी भात, दुपारी भात आणि रात्रीही भातच असतो. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. भाताने पोट भरते, यात शंका नाही. हाडे कशाने भरायची?

नागली मागे पडण्याचे कारण केवळ आमची लाज नव्हे. वरकसाची एक रीत होती: पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद, आणि मग जमिनीला विसावा. वाटण्या होत होत तुकडे लहान झाले आणि विसावा देणे परवडेनासे झाले. उतारावरची माती पावसाबरोबर गेली. नागलीचे काम मोठे. आधी राब भाजा, मग रोपे करा, मग चिखलात वाकून लावा. इतके करून हाती आलेले दाणे विकायला गेले तर व्यापारी सांगेल तो भाव. त्यापेक्षा दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जावे, असा हिशेब माझ्या वडिलांनी केला. तो चुकीचा होता असे मला म्हणता येत नाही. त्याच हिशेबातून माझे पुस्तकांचे पैसे आले.

गंमत अशी की, अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्याचेही नाव होते. आमच्या पाड्याच्या दुकानात मात्र मी नागलीचे पोते कधी पाहिले नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले; नागलीला 'श्री अन्न' असे मोठे नाव मिळाले. शहरातल्या दुकानांत तिची बिस्किटे आली. म्हणजे नागली खाणारा बदलला आणि नागलीचा मान वाढला. पिकवणाऱ्याच्या ताटातून ती उठली ती उठलीच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या जेवणाची आठवण काढायची तर पूर्ण काढावी. त्यातली भूक आणि बाईचे कष्ट गाळून उरते ती नुसती चव, आणि ती आठवण अर्धीच. पण भूक होती म्हणून ते अन्नच हीन होते, असे समजणे ही दुसरी चूक. ती मी स्वतः केली आहे. दोष नागलीचा नव्हता. ती पुरेशी नव्हती, हा दोष होता.

आणि जपण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या पावसानंतर उगवणारी कोळीभाजी (शहरात तिला फोडशी म्हणतात) देवाला दाखवल्याशिवाय आमच्या घरी कुणी तोंडात घालत नाही. शेवळे चिरताना दांड्याच्या तळाचा पिवळा भाग काढून टाकावा लागतो आणि भाजीत काकडाची आंबट फळे घालावी लागतात, नाहीतर घशाला खाज सुटते. ठाण्या-कल्याणच्या बाजारात शेवळ्यांची जुडी विकणारी बाई हे गिऱ्हाइकाला न चुकता सांगते. हे सारे आमच्या आयांना येते. आम्हां शिकलेल्या मुलींपैकी कितीजणींना येते? आपण वनस्पतींची शास्त्रीय नावे पाठ करतो, आणि कोणत्या झाडाची कोवळी पाने खायची हे सांगता न येणाऱ्या आपण पहिल्या ठरतो.

आजीच्या मनातही एक पदार्थ आहे. खूप खोदून विचारले तेव्हा तिने सांगितले: तवसाचे पानगे. भाताची कापणी सुरू झाली की मांडवावरचे मोठे तवस किसायचे, नव्या तांदळाचे पीठ आणि गूळ घालून कालवायचे, पळसाच्या पानांत थापून भाजायचे. पाने करपली की आतून वाफेचा वास येई. "तवा कणगी भरायची व्हती," ती म्हणाली, "म्हणून गोड लागायचे." भूक संपल्याचा तो पदार्थ होता, म्हणून त्याची तेवढी आठवण तिने ठेवली.

शेवटी एक सूचना करते. प्रदर्शन वर्षातून एक दिवस असते. उपाहारगृह रोज उघडे असते. तेथे वडापाव मिळतो, समोसा मिळतो. आठवड्यातून दोन दिवस नागलीची भाकर आणि उडदाचे वरण का मिळू नये? नागली जव्हार-मोखाड्याच्या शेतकऱ्याकडून रास्त भावाने घ्यावी, चक्कीवर दळावी, आणि भाकरी थापणाऱ्या बाईला दिवसाची नीट मजुरी द्यावी. दर विद्यार्थ्यांना परवडेल असा असावा; तीस रुपये नको. प्राध्यापक मंडळींनीही आमच्याबरोबर बसून ती खावी. त्याने कुपोषण हटेल असा माझा दावा नाही. पण पहिल्या वर्षाची एखादी मुलगी आपली भाकर गाईला घालणार नाही, एवढे नक्की होईल.

जूनमध्ये महाविद्यालय उघडेल तेव्हा मी स्वतः फडक्यात भाकर बांधून आणणार आहे. आईला अजून खरे सांगितलेले नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा तिला वाचून दाखवीन. आणि कुणी विचारलेच, ही अशी काळी का, तर सांगेन की नागलीचा रंगच तसा असतो, आणि अर्धी मोडून देईन.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला